टाय रॉड एंड सुटत नाही? तिसऱ्यांदा जाम झालेल्या स्टेअरिंगचा हिशेब

वळण घेताना पुढच्या डाव्या चाकाकडून 'टक्' असा आवाज येतो, खड्ड्यातून गेलं की स्टेअरिंगला बारीक हिसका बसतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी जराशी भटकते. टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा सांधा, झिजल्याची ही लक्षणं मला आता झोपेतही ओळखू येतात, कारण आमच्या २००९ सालच्या छोट्या हॅचबॅकचा हाच सांधा २०१३ पासून मी तीनदा बदललाय. भाग पाच-सहाशे रुपयांचा, काम खरं तर अर्ध्या तासाचं. पण पहिल्या वेळी शनिवारी सकाळी हातात घेतलेलं काम रविवारी दिवेलागणीला संपलं, आणि जाता जाता एक रॅक एंड आणि एक रबर बूट फुकटचं विकत आणावं लागलं.

आम्ही मालवणजवळ राहतो. पावसाळाभर धो धो पाऊस, बाराही महिने खारा वारा, आणि गाडी अंगणात माडाखाली. इथे लोखंडाला गंज चढतो तो आठवड्यांच्या हिशेबाने. वसई, अलिबाग किंवा गोव्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. घाटावरच्या कोरड्या हवेत याच गाडीचा हाच नट कदाचित पहिल्या झटक्यात सुटेल, त्यामुळे तिकडच्या मित्राने 'सोपं आहे रे' म्हटलं तर त्याच्यावर जाऊ नका.

आधी खात्री करा. चाक उचलून घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी दोन्ही हातांनी धरा आणि आलटून पालटून ढकला. दुसऱ्या कुणाला तरी टाय रॉड एंडवर बोट ठेवायला सांगा. खेळ तिथेच असेल तर बोटाला कळतो. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवल्यावर खेळ दिसला, तर संशय खालच्या बॉल जॉइंटवर किंवा बेअरिंगवर. चुकीचा भाग दोन दिवस ठोकून काढला असं होऊ नये.

जाम नेमकं काय झालंय?

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच. 'टाय रॉड जाम झालाय' असं आपण सरसकट म्हणतो, पण तिथे तीन वेगवेगळ्या कड्या लागलेल्या असतात आणि एकीची किल्ली दुसरीला चालत नाही. मधे स्टेअरिंग रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा, त्याच्या टोकाला रॅक एंड, रॅक एंडच्या आट्यांवर फिरवून बसवलेला टाय रॉड एंड, आणि त्या दोघांना जागेवर धरून ठेवणारा चेकनट. टाय रॉड एंडच्या दुसऱ्या टोकाला बॉल, त्या बॉलची दांडी खाली निमुळती. ती नकलच्या (चाक जिच्यावर बसतं आणि जिच्याबरोबर वळतं त्या धातूच्या भागाच्या) कानातल्या तशाच निमुळत्या भोकात बसते आणि पलीकडून नटाने ओढून घेतलेली असते. नटाला आडवी स्प्लिट पिन.

म्हणजे एक कडी गंजलेल्या पिन-नटाची, दुसरी निमुळत्या दांडीची, तिसरी चेकनटाच्या आट्यांची. निमुळती दांडी धक्क्याने सुटते. आटे धक्क्याने सुटत नाहीत, त्यांना तेल, वेळ आणि उष्णता लागते. पहिल्या वेळी मी नेमकं उलटं केलं. दांडीवर दोन दिवस तेल ओतत बसलो आणि चेकनटावर हातोडा चालवला.

गाडी उचलण्याबद्दल थोडंसं, पण यात तडजोड नको

कोकणातलं अंगण म्हणजे लाल माती किंवा जांभ्याची फरशी. पावसाळ्यानंतर माती वरून कोरडी दिसते, आत मऊच असते. जॅकखाली दोन इंची जाड फळी घाला. गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून ठोकाठोकी करायची नाही, कारण या कामात तुम्ही मुद्दाम गाडीला हादरे देणार आहात. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यांकडेच येतात, हे मी एकदा डॉक्टरकडे जाऊन शिकलोय.

स्टेअरिंग असं वळवा की टाय रॉडचा सांधा चाकाच्या कमानीतून बाहेरच्या बाजूला येईल. हात आणि हातोडा फिरवायला जागा मिळाली की अर्धं काम झालं.

पिन आणि नट

वायर ब्रशने आधी सगळं घासून काढा. नटाबाहेर दिसणारे दांडीचे आटे तर खास, कारण नटाला सुटताना त्यांच्यावरूनच यायचं आहे. तिथे चिखल-गंजाचा थर राहिला तर नट अर्ध्यात येऊन अडकतो.

स्प्लिट पिन सरळ करून पक्कडीने ओढली की निघते, असं पुस्तकात असतं. आमच्याकडे तिचे पाय हातात येतात आणि डोकं आतच राहतं. अशा वेळी ड्रिल घेऊन बसू नका. दोन्ही बाजूंनी पिन नटाच्या बरोबरीने कापा आणि पाना लावा. पिन मऊ लोखंडाची असते. नट फिरला की ती आतल्या आत तुटते. आटे थोडे खरवडतील, पण तो भाग तसाही जाणारच आहे. जुनाच भाग परत बसवायचा असेल तर मात्र बारीक पंचने ठोकून पिन पूर्ण काढा.

आता हमखास येणारी अडचण. नट दोन फेरे सुटतो आणि मग दांडीच त्याच्याबरोबर गरगर फिरू लागते. म्हणजे निमुळता भाग आधीच सैल झालाय, फक्त बॉल फिरतोय. काही भागांत दांडीच्या टोकाला षट्कोनी खाच असते, त्यात अॅलन की घालून धरता येतं. खाच नसेल तर दाब देऊन दांडी पुन्हा भोकात घट्ट बसवा: सांधा कानाच्या वर असेल तर वरून पहारीने, खाली असेल तर खालून छोट्या जॅकने. घर्षणाने ती थांबते आणि नट सुटतो. बसवतानाही नवीन दांडी फिरत राहिली तर हीच युक्ती चालते. त्या वेळी मी शिकंजा लावतो.

दांडी सुटत नाही

खरी मारामारी इथे होते. मोकळा नट, तरी दांडी भोकात वेल्डिंग केल्यासारखी. कारण साधं आहे. जात्याचा खुंटा आठवा. निमुळता खुंटा भोकात ठोकून बसवला की तो वरून ओढून निघत नाही, कारण त्याचा उतार इतका कमी असतो की लोखंडाचं लोखंडाशी घर्षणच त्याला धरून ठेवतं. नट फक्त ओढून बसवण्यापुरता. नट काढला म्हणून पकड जात नाही. त्यात गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो आणि पकड आणखी आवळते.

मी काय केलं असेल? तेच, जे सगळे करतात. नट काढून टाकला आणि दांडीच्या टोकावर खालून वर हातोडा. वीसेक घाव घातल्यावर टोक अळंबीसारखं पसरलं, पहिले तीन आटे चपटे झाले, आणि दांडी जागची हलली नाही. हलणार कशी? घावाचा जोर बॉलच्या सांध्यात, रबरात आणि गाडीच्या स्प्रिंगमध्ये जिरत होता. वर आता ती भोकातून निघायलाही तयार नव्हती, कारण टोकच भोकापेक्षा मोठं झालं होतं.

शेजारचे आबा कुंपणावरून बघत होते. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं घालवलेला माणूस. मी म्हटलं, "आबा, निघतच नाही बघा. काय करू?" ते आत आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "अरे झिला, बोल्टार मारू नको. कानाक मार."

त्यांनी घरून दोन किलोचा घण आणला. तो नकलच्या कानाच्या मागच्या बाजूला टेकवून मला घट्ट धरायला लावला. मग माझा किलोचा हातोडा घेऊन समोरच्या बाजूने, कानाच्या लोखंडावर, आडवे घाव घातले. हळू नाही, पण आंधळेपणानेही नाही. एक, दोन, तीन. चौथ्या घावाचा आवाज वेगळा आला. आधी 'ठण्ण' असा भरीव येत होता, आता 'ठक्' असा पोकळ. आबांनी हातोडा खाली ठेवला. दांडी सुटली होती, फक्त पसरलेल्या टोकामुळे लटकत होती. ते टोक मग मी ग्राइंडरने अर्धा तास घासत बसलो.

हे का चालतं? आडवा घाव बसला की ते गोल भोक क्षणभर किंचित लंबगोल होतं. तेवढ्याने सगळीकडची पकड एकदम सुटते. मागे घण धरला नाही तर कान नुसता हलतो आणि घाव वाया जातो. तेव्हापासून मी तेल, उष्णता, मोठी पहार यांच्या आधी हेच करतो. करताना तीन गोष्टी सांभाळायच्या. नट पूर्ण काढू नका. दांडीच्या टोकाशी बरोबर येईपर्यंतच सोडा, म्हणजे चुकून घाव पडला तरी आटे वाचतात आणि सांधा सुटला की झटक्याने खाली आदळत नाही. घाव कानावरच, दांडीवर किंवा बॉलच्या वाटीवर नाही. आणि हातोड्यावर हातोडा कधीच आपटू नका. कडक पोलादाचा तुकडा उडाला तर तो कुठे जाईल याचा नेम नाही.

नकल अॅल्युमिनियमची असेल तर हे सगळं विसरा. अॅल्युमिनियमचा कान वाकतो किंवा त्याला तडा जातो, आणि मग खर्च पाचशेचा राहत नाही. कळत नसेल तर लोहचुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर हातोडा खाली ठेवा आणि पुलर घ्या.

पुलर, तो चिमट्यासारखा किंवा दोन पायांचा, घरी ठेवण्यासारखाच आहे. त्याने दांडीच्या टोकावर दाब आणायचा आणि मग कानावर आडवे दोन घाव. एकट्या पुलरवर सगळं सोपवून लांब पाइप लावत बसाल तर पुलरचा बोल्ट तरी वाकेल, नाही तर तो निसटून उडेल. दाब पुलरचा आणि धक्का हातोड्याचा, ही जोडी जमली की मी आजवर हरलेलो नाही. पुलर लावताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका.

दुपाखी काट्याबद्दल, ज्याला काही ठिकाणी फोर्क म्हणतात, माझं मत वाईट आहे. तो बॉलच्या रबर बुटाखाली घुसवून ठोकतात. सांधा सुटतो, बूट मात्र फाटतंच. भाग फेकायचाच असेल तर चालेल. पण नेहमी तसं नसतं. २०१७ मध्ये एका गॅरेजमध्ये गाडीच्या ड्राइव्ह शाफ्टचं बूट बदललं. त्यासाठी त्यांनी टाय रॉड एंड काट्याने सोडवला आणि तोच परत बसवला. घरी आल्यावर बुटाच्या कडेला बोटभर फाट दिसली. म्हटलं, बघू पुढे. पहिला पाऊस आत शिरला, ग्रीस धुऊन गेलं, आणि दिवाळीच्या आधी 'टक्' परत सुरू. माझी दुसरी वेळ ती.

चेकनट

दांडी सुटली म्हणजे निम्मंच झालं. आता टाय रॉड एंड रॅक एंडवरून फिरवून काढायचा, आणि इथे चेकनट आडवा येतो. हा एका बाजूला नटासारखा, दुसऱ्या बाजूला सांध्याच्या अंगाला चिकटलेला. मधल्या फटीत पाणी मुरतं आणि गंज दोन्हीकडे चढतो.

आधी खूण करा, मग हात लावा. जुना भाग किती आत बसलाय हे नंतर कुणीही सांगू शकत नाही. मी बायकोच्या नेलपॉलिशने चेकनटाच्या मागे आट्यांवर पट्टा ओढतो आणि दांडीच्या मध्यापासून त्या पट्ट्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून पुठ्ठ्यावर लिहितो. किती फेऱ्यांत निघाला तेही मोजतो, पण त्यावर एकट्यावर विसंबत नाही, कारण नव्या भागाची लांबी जुन्याइतकीच असेल असं नाही.

हे इतकं नाजूक का, तर हिशेब करून बघा. आट्याचं अंतर दीड मिलिमीटर असेल, तर एक फेरा चुकला की रॉड दीड मिलिमीटर लांब किंवा आखूड होतो. चाक ज्या लोखंडी हाताने (स्टेअरिंग आर्मने) वळतं त्याची लांबी साधारण १२० मिलिमीटर धरा. म्हणजे चाक सुमारे ०.७ अंशाने तिरकं. १३ इंची रिमच्या पुढच्या-मागच्या कडांमध्ये हा फरक ४ मिलिमीटरच्या आसपास जातो. छोट्या गाड्यांत ही तिरकाई बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटरच्या आतबाहेर ठेवायची असते. एक फेरा चुकला तरी टायर एका बाजूने खवल्यासारखं झिजायला लागतं.

आता नट. एक पाना चेकनटावर, दुसरा टाय रॉड एंडच्या किंवा रॅक एंडच्या चपट्या जागेवर. दोन पाने लावल्याशिवाय जोर लावायचाच नाही. पहिल्या वेळी मी एकच पाना लावला, त्यावर नळाचा पाइप घातला आणि ओढलं. नट हलला असं वाटून हायसं वाटलं. खाली बघतो तर नटाबरोबर सगळा रॅक एंड फिरलेला, आणि रॅकचं रबर बूट पेटीच्या भात्यासारखं पिळून दोन ठिकाणी फाटलेलं. रॅक एंडचा आतला सांधाही त्या पिळाने सैल झाला. दोन्ही बदलावे लागले. म्हणून बुटाची रॉडवरची छोटी क्लिप आधी सैल करून ठेवा, म्हणजे रॉड चुकून फिरलाच तरी रबर त्याच्याबरोबर पिळत नाही.

नट सोडायच्या दिशेने ओढण्याआधी किंचित आवळायच्या दिशेने ढकला. उलटं वाटतं, पण गंजाचा पहिला थर तसा फुटतो. मग पुढे-मागे, पुढे-मागे. पाव फेरा हलला की पुन्हा तेल. आणि आटे उजवे की डावे ते आधी बघा. सगळ्या गाड्यांत दोन्ही बाजूंना सारखेच असतात असं नाही. उघड्या आट्यांचा उतार पाहिला की कळतं. उलट्या आट्यावर तासभर 'सोडवत' बसलेला माणूस मी पाहिलाय. त्याने तो छान आवळला होता.

तेलाबद्दल मतं फार आहेत. दुकानात निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० सगळे मागतात. त्याचं नावच सांगतं की तो पाणी हटवण्यासाठी बनला. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला एका छोट्या कंपनीने अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून चाळीसाव्या प्रयत्नात जमवलेलं ते मिश्रण. हलक्या गंजाला चालतं. मुरलेल्या गंजाला खास पेनिट्रेटिंग ऑइल बरं. आमच्याकडे गॅरेजवाले डिझेल लावून ठेवतात, तेही काम करतं, फक्त सावकाश. खरं औषध वेळ. मी आदल्या रात्री आणि सकाळी असं दोनदा लावतो, प्रत्येक वेळी नटावर हातोडीने हलके टोले देतो, म्हणजे तेल फटीत उतरतं. लावून पाच मिनिटांत पाना घेऊन बसणाऱ्यांनाच ते तेल 'काही कामाचं नाही' असं वाटतं.

तरीही हलला नाही तर उष्णता. छोटा गॅस टॉर्च, ज्योत फक्त नटावर, चाळीसेक सेकंद. नट तापून फुगतो, आतला रॉड तुलनेने थंड राहतो, आणि मधला गंज फुटतो. मग नट तापलेला असतानाच मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. हे मी आबांकडून शिकलो, आणि मला वाटतं दुकानातल्या कुठल्याही डब्यापेक्षा हे सरस आहे. पण ज्योत बॉलच्या वाटीवर कधीच नाही. बंद वाटीतलं ग्रीस उकळलं की दाबाने रबर फुटून गरम ग्रीस उडतं. ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि रॅकचं रबर बूट ओल्या बारदानाने झाका. ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागेजवळ ज्योत नकोच, त्यातून विषारी वायू होऊ शकतो. बाजूला बादलीभर पाणी नको, वाळू ठेवा.

शेवटचा उपाय म्हणजे कापणं. टाय रॉड एंड फेकायचाच आहे, तेव्हा त्याच्या अंगावर लांबीने ग्राइंडरची चीर द्या, आट्यांच्या अलीकडे थांबा, आणि छिन्नीने फट उघडा. पकड सुटते. रॅक एंडच्या आट्यांना पातं लागलं तर मात्र तोही गेला.

आजूबाजूचे जाम

खालच्या बॉल जॉइंटची दांडी काही गाड्यांत निमुळती नसते. ती सरळ असते आणि नकलच्या चिरलेल्या कानात आडव्या बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट दांडीवरच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग चिरेत छिन्नी घालून फट किंचित उघडा. किंचित म्हणजे खरंच किंचित.

स्टेअरिंग व्हील शाफ्टवर जाम झालं असेल तर शाफ्टवर हातोडा मारू नका. तो अपघातात आत दुमडावा म्हणून बनवलेला असतो आणि घावाने बिघडतो. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ती असतेच. एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम मी घरी करत नाही.

परत जाम होऊ नये म्हणून

पहिल्या वेळी मी नवा भाग कोरडाच बसवला आणि विसरलो. म्हणूनच दुसऱ्या वेळीही चेकनटाने रडवलं. तिसऱ्या वेळी, २०२४ च्या डिसेंबरात, १९ च्या पान्याने तो पहिल्याच ओढीला सुटला. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी बसवताना रॅक एंडच्या आट्यांवर तांब्याचं ग्रीस लावलं होतं, आणि चेकनट आवळून झाल्यावर उघड्या आट्यांवर जाड ग्रीसचा थर देऊन वर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. पट्टी कुजली होती, आटे चकाकत होते.

निमुळत्या दांडीवर मात्र ग्रीस नको. तो भाग आणि नकलचं भोक कापडाने पुसून कोरडं, स्वच्छ ठेवा. त्याची सगळी पकडच घर्षणाची. ग्रीस लावलं तर नट त्याच जोराने आवळूनही दांडी गरजेपेक्षा जास्त आत ओढली जाते. भोकात गंज असेल तर पॉलिश पेपरने हलकं घासा. भोक मोठं होईल इतकं नाही.

नट टॉर्क पान्याने, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळा. छोट्या गाड्यांत तो बहुधा ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या गाडीचा बघूनच. हवेच्या गनने आवळलेला नट पुढच्या वेळी दांडीला दगड करतो. पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा आणखी आवळायचा, सैल करून जुळवायचा नाही. पिन नवीच. पिनऐवजी नायलॉनचा नट असेल तर तोही नवाच.

मे संपता संपता एकदा आणि दसऱ्याच्या आसपास एकदा मी चाकाखाली डोकं घालतो. बुटाला फाट आहे का, ग्रीस बाहेर आलंय का, आटे उघडे पडलेत का. पाच मिनिटं लागतात. समुद्राकाठच्या रस्त्याने जाऊन आलो की त्या भागावर नळाच्या गोड्या पाण्याचा साधा फवारा, जोराचा जेट नाही. जेटचं पाणी बुटाच्या ओठातून आत घुसतं.

बसवून झालं की गाडी हळू चालवत सरळ अलाइनमेंटला न्या. मोजमाप कितीही नेटकं असलं तरी हे चुकवू नका. परत आल्यावर चेकनट एकदा पान्याने तपासा, पन्नासेक किलोमीटरनंतर आणखी एकदा.

आणि जुन्या सांध्याचा नट फेकू नका. नव्या दांडीचा आटा तोच असेल, तर पुढच्या वेळी कानावर ठोकताना दांडीच्या टोकावर तोच फिरवून ठेवायचा. माझा घणाच्या दांड्याला तारेने बांधलेला आहे. घण अजून आबांचाच.